थोरली तुझ्याकडे, धाकटी माझ्याकडे

मीरा रोड
शनिवार, दुपार

प्रिय आत्माराम,

आज जेवून जरा आडवा झालो आणि कानात एकदम तो आवाज आला. म्हसळ्याच्या शाळेतला चौथीचा वर्ग. खोत गुरुजी टेबलावर रूळ आपटून ताल धरायचे, टक्-टक्, टक्-टक्, आणि आपण बत्तीस पोरं माना डोलावत कविता म्हणायचो. शेवटच्या ओळीला रूळ थांबायचा, वर्ग थांबायचा, आणि त्या शांततेत एकच आवाज मागाहून यायचा. तुझा. सगळ्यांची कविता संपलेली असायची आणि तुझा शेवटचा शब्द अजून चालतच यायचा, कळपामागे राहिलेल्या वासरासारखा. पोरं फिदीफिदी हसायची. गुरुजी म्हणायचे, "आत्माराम, तू काय मागच्या गाडीने येतोस?" आणि तू शांतपणे म्हणायचास, "गुरुजी, मला म्हणता म्हणता ऐकायची पण असते." नऊ वर्षांचं पोर असं बोलतं का कधी! गुरुजींनी तुला मारायला उचललेला रूळ तसाच खाली ठेवला होता, हे मला पासष्ट वर्षांनंतरही लख्ख दिसतं. काल रात्री काय जेवलो ते विचारशील तर मंदाला विचारून सांगावं लागेल.

तर, पत्र. तू फोन उचलत नाहीस त्याला आता पाच महिने झाले. सुरुवातीला मी रोज करायचो, मग दोन दिवसांआड, मग फक्त गुरुवारी, आपला फिरायचा वार म्हणून. रिंग पूर्ण वाजते, म्हणजे तू नंबर बंद केलेला नाहीस. पलीकडे तू चष्मा कपाळावर चढवून माझं नाव वाचत असशील आणि फोन टीपॉयवर पालथा घालत असशील, असं मी धरून चालतो. पत्राचं बरं असतं. त्याला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. ते घरात आपलं पडून राहतं आणि माणूस कधी तरी त्याच्याकडे वळतो. मला तू वळायला हवा आहेस, आत्माराम. बाकी सगळं मी पुढे लिहीनच, पण पत्र अर्ध्यावर टाकलंस तर निदान हे वाक्य वाचलेलं असू दे.

कॅमेरा बरा आहे. मंदा अजूनही त्याला डबडंच म्हणते. परवा शेजारच्या हंसाबेनला सांगत होती, "दो बुढ्ढे और एक डिब्बा, ऐसा संसार था इनका." होता, असं म्हणाली. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. तुला आठवतं ना तो घरात कसा आला? निहारने अथर्वच्या बारशाला हौसेने घेतला, आणि अथर्व चालायला लागेपर्यंत तो कपाटात जाऊन बसला होता. फोनमध्येच सगळं येतं म्हणे. बंगलोरला जाताना निहार म्हणाला, "बाबा, वापरणार असाल तर ठेवा, नाहीतर देऊन टाकतो कुणाला तरी." मी खोकं उघडलं. साबणदाणीएवढा काळा कॅमेरा, आणि कंपनीनेच सोबत दिलेल्या दोन साध्या किट लेन्स. एक बुटकी, बंद केली की कासवासारखी मान आत घेणारी. दुसरी लांबुडकी, पलीकडच्या काठावरचा बगळा मांडीवर आणून बसवणारी. मी खोकं घेऊन थेट भाईंदरला तुझ्याकडे आलो. तू टेलिफोन खात्यात जन्मभर खांबावर चढून तारा जोडलेला माणूस, तुला यंत्राची भीती नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केलेला, मला स्टेपलरची सुद्धा भीती. तू दोन्ही लेन्स हातात तोलून पाहिल्यास आणि म्हणालास, "ही धाकटी, ही थोरली."

वाटणीही तूच केलीस. धाकटी कायमची माझ्याकडे, थोरली कायमची तुझ्याकडे, आणि कॅमेऱ्याचं धड एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे. मी म्हटलं, सगळं एकत्रच ठेवू की, कशाला ही उस्तवार? तू म्हणालास, "सगळं एकाकडे राहिलं की दुसरा पाहुणा होतो." तेव्हा मला हा तुझा नेहमीचा विक्षिप्तपणा वाटला होता. आता माझ्याकडे धड आहे आणि धाकटी आहे. थोरली तुझ्या कपाटात, धडाशिवाय, आंधळी बसलेली आहे. तू ती परत पाठवली नाहीस. तुझा नीलेश दोनदा इकडून गेला, एकदा खाली भेटलाही, त्याच्या हाती सहज पाठवता आली असती. नाही पाठवलीस. हे मी रोज एकदा स्वतःशी म्हणतो, पाठ केल्यासारखं.

उत्तनच्या किनाऱ्यावरचा तो पोरगा आठवतो? दुधाच्या कॅनएवढी लेन्स घेऊन आलेला. आपल्याकडे बघून दयेने म्हणाला, "अंकल, किट लेन्स से क्या आएगा?" तू धाकटीची मान फिरवत म्हणालास, "बेटा, जो सामने है वो आएगा. नहीं आया तो हम थोड़ा आगे जाएँगे." तो पोरगा हसला आणि नंतर तासभर आपल्याबरोबरच फिरला. आणि तुझा तो दुसरा नियम, माणसाचा फोटो काढला की पुढच्या खेपेला त्याला त्याचा छापलेला कागद नेऊन द्यायचा. तो उत्तनपुढच्या चौक कोळीवाड्यातल्या शेवंतीबाईंमुळे सुरू झाला. त्या बोंबील वाळत घालत होत्या, आपण फोटो काढला, तर हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "फोटू काढून समदी नेतान, आनून देत कोन न्हाय." तू आठ दिवसांनी कागद घेऊन हजर. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ही मी हाय? मना वाटलं माजी आयस." त्या दिवसापासून आपण किती कागद वाटले असतील! जेसल पार्कला खाडीवर बसणारे, मिठागरातले मजूर, घोडबंदरचा चहावाला. लोक आपल्याला फोटोवाले बाबा म्हणायला लागले, आणि मला जन्मात कधी नव्हतं एवढं कुणी तरी असल्यासारखं वाटायला लागलं.

पाच महिने नुसत्या धाकटीवर काढतोय. तिचं एक आहे, तिला लांबून काही दिसत नाही. माणूस हवा असेल तर उठून त्याच्याजवळ जावं लागतं, इतकं जवळ की तो विचारणार, काय हवंय. मला ते जमत नसे, तुला ठाऊक आहे. लांबून बघणं हा माझा पिंड. कवितेतल्या नदीवर प्रेम करायचं आणि खऱ्या नदीत पाय घालायला घाबरायचं, असला मी. पण दुसरा इलाज नव्हता. नया नगरातल्या त्या शिंप्याच्या टपरीत, जिथे सकाळी दहाच्या सुमाराला पत्र्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी मशीनवर पडते, तिथे मी रोज जाऊन उभा राहायला लागलो. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "चाचा, इतना पास आ ही गए हो तो सुई में धागा आप ही डाल दो." मी कॅमेरा ठेवला आणि दोरा ओवायला बसलो. तीन वेळा चुकलो. चौथ्यांदा त्याने ओवला आणि मी फोटो काढला. चांगला आलाय. हंसाबेन गच्चीवर गव्हाची सेव वाळवत होत्या, त्यांच्याजवळ गेलो तर पदर सारखा करत म्हणाल्या, "मेरा नहीं, सेव का लो दशरथभाई, सेव अच्छी हुई है." मी सेव घेतली आणि सेवेवर टेकलेला त्यांचा हातही घेतला. असे बरेच जमलेत. दाखवायला कुणी नाही. मंदा म्हणते, छान आहे, आणि कुकर बघायला जाते.

आता अवघड भागाकडे येतो. तू हॉस्पिटलात होतास तेव्हाची गोष्ट. दोन स्टेंट घातले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला आलो, तर तू म्हणालास, "दशा, आता मी बॉलपेन झालो रे, आत स्प्रिंग आहे." मी इतका हसलो की नर्स येऊन बघून गेली. बाहेर आलो तर नीलेशने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, डॉक्टर म्हणालेत हृदयाचा जोर बराच कमी झालाय. बाबांना सगळं सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका." मी नाही बोललो. जिन्याच्या कठड्याला धरून किती वेळ उभा होतो ते मला माहीत नाही. त्यानंतर तू पुन्हा फिरायला यायला लागलास, आणि मी तुझे फोटो काढायला लागलो. तुला कळणार नाही असे. तू पाणी पिताना, तू बुटाची नाडी बांधताना, तू बसची पाटी वाचताना. आपण बगळे, होड्या, जाळी असं सगळं टिपायला निघायचो, आणि घरी येऊन कार्ड उघडलं की सगळीकडे तूच. तुला वाटायचं मी सुधारतोय. एकदा म्हणालास सुद्धा, "हल्ली बराच वेळ डोळा लावून असतोस." हो, असायचो.

घोडबंदरचा तो फोटो एप्रिलातला. किल्ल्याखाली खाडीच्या कडेला तू दगडावर टेकला होतास, दम लागला होता पण कबूल करत नव्हतास. मी बगळ्याचं निमित्त काढून थोरली लावली आणि पार लांब गेलो. मागे खाडीवरचं पांढरं आभाळ. मी उजेड तुझ्या चेहऱ्याला धरून मोजला, त्यामुळे मागचं सगळं विरून पांढरं झालं. ना पाणी, ना काठ, ना झाड. तू चष्मा काढला होतास आणि वर कुठे तरी पाहत होतास, बहुतेक घार असावी. घरी येऊन रंग काढून टाकले आणि फोटो काळा-पांढरा केला. आत्माराम, इतका शांत चेहरा मी कुणाचाच पाहिला नव्हता. तेव्हाच ठरवलं, तुझ्या पंच्याहत्तरीला हाच द्यायचा, मोठा करून, फ्रेम करून. तुझाच नियम ना, ज्याचा फोटो त्याला त्याचा कागद.

मी काय केलं ते मला तेव्हा खरंच दिसलं नाही. पांढऱ्या शून्यात एकट्या माणसाचा काळा-पांढरा चेहरा, काळी चौकट, दीड हात उंच, आणि वर मधोमध पितळेचा हुक. आपल्या घरांमधून असा फोटो कधी आणि कुणाचा लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मला चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ते कळू नये? पण मी उजेड बघत होतो.

आणि मग तुमच्या सोसायटीच्या हॉलमधली ती संध्याकाळ. तू दारातून आलास तेव्हाचं तू पाहिलंस, त्याच्या आधीचं तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. सुलूवहिनींनी औक्षणाची पंच्याहत्तर निरांजनं अख्ख्या इमारतीतून गोळा करून परातीत लावली होती. शोभा दिसावी म्हणून तुझ्या सुनेने, संचिताने, हॉलचे दिवे बंद केले. तेवढ्यात तुला गावाहून फोन आला, आत आवाज नीट येईना म्हणून तू पॅसेजमध्ये गेलास. मीच घाई केली. म्हटलं, येईपर्यंत उघडून ठेवू, एकदम दिसू दे. नीलेशने वरचा गुंडाळलेला कागद काढला आणि ठेवायला जागा नाही म्हणून फ्रेम तुझ्याच खुर्चीत उभी केली. झालं. रिकाम्या खुर्चीत तो फोटो, पुढ्यात पंच्याहत्तर ज्योती, आणि बाकी काळोख. तुझ्या रसिकाने, सात वर्षांचं पोर ते, हुकाला बोट लावून विचारलं, "आई, आजोबांचा हार कुठाय?" आणि त्यावर मी काय केलं, तर कॅमेरा उचलला. काचेवर ज्योतींचा उजेड इतका सुरेख पडला होता. खट्, असा आवाज झाला. मी मान वर केली तर दारात तू उभा.

"हार विसरलास वाटतं, दशा," एवढंच तू म्हणालास. एकदोघे हसायचा प्रयत्न करून थांबले. मी तेव्हा तरी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. "अरे, फोटो तर बघ, काय उजेड आलाय!" असं म्हणालो. सुलूवहिनींनी परात संचिताच्या हातात दिली आणि तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या. नंतर मंदाकडून कळलं, वहिनी म्हणाल्या, "जिवंत माणसाला भिंतीवर चढवला. त्या घराची पायरी मी या जन्मात चढायची नाही." बरोबर म्हणाल्या. मी जेवून आलो त्या दिवशी, याची मला अजून लाज वाटते. श्रीखंड वाढलं ते सुद्धा खाल्लं.

मनाशी मी बरेच दिवस भांडत होतो. म्हणायचो, चूक झाली, पण अजाणता झाली, एवढा राग कशाला. फ्रेमवाल्याने हुक लावला, नीलेशने खुर्चीत ठेवला, संचिताने दिवे घालवले, माझं काय त्यात? असं म्हणत म्हणत पाच महिने ढकलले. मग गेल्या गुरुवारी चौकला गेलो. एकटाच, उत्तनपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने. बोंबील लागलेत, वाळवायच्या बांबूंवर सगळीकडे उजेड पसरलाय. शेवंतीबाईंनी मला लांबून ओळखलं आणि माझ्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं. कुणी नाही म्हटल्यावर हातातली पाटी खाली ठेवली. "तुजा जोडीदार कुठं हाय?" मी बांबूंवरचे बोंबील बघत राहिलो. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "गेला काय रं?"

आणि मी ओरडलो. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या एवढ्या जोरात ओरडलो, "न्हाय! हाय तो! भाईंदरला हाय! माझ्यावर रागावलाय!" शेवंतीबाईंनी पाटी पुन्हा उचलली. म्हणाल्या, "रागावलाय ना, मंग चांगला हाय. मेलेला मानूस रागावत न्हाय." आणि बोंबील उलटे करायला लागल्या. मी तिथे वाळूत बसलो. रडलो म्हटलं तरी चालेल. कारण तोच प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता आणि तेव्हा मी ओरडलो नव्हतो.

हीच ती गोष्ट. तुला माहीत नाही, मंदालाही माहीत नाही. नया नगरला रोशनभाई म्हणून एक फ्रेमवाला आहे, गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. तुझा फोटो मी त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, पाहिला, आणि फार मायेने विचारलं, "चाचा, कब हुआ?" मला प्रश्न कळला होता. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. जिंदा है, म्हणायचं, तो हसला असता, कान पकडून माफी मागितली असती, चहा मागवला असता. मी गप्प राहिलो. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अल्लाह सब्र दे. हार के लिए ऊपर हुक मेरी तरफ से." मी मान हलवली. आत्माराम, मी मान हलवली. त्या क्षणी मला काय झालं ते मी पाच महिने शोधतोय. नीलेशने जिन्यात सांगितलं तेव्हापासून मी आतल्या आत तुझ्या जाण्याची तयारी करत होतो. ते दुःख एकदम अंगावर येऊ नये म्हणून हप्त्याहप्त्याने भोगत होतो, तुझा एकेक फोटो काढून. तू शेजारी बसून शेंगा सोलत होतास आणि मी तुला आठवत होतो. रोशनभाईने विचारलं तेव्हा पहिल्यांदा कुणी तरी माझं सांत्वन केलं, आणि ते मला हवं होतं म्हणून मी ते घेतलं. तू जिवंत असताना. तू हॉलच्या दारात उभा राहून माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला वाटलं, याला सगळं कळलंय. म्हणून मी उजेडाचं काही तरी बोललो.

हे सांगितल्याशिवाय माफी मागणं म्हणजे पुन्हा लांबूनच काढलेला फोटो झाला असता. म्हणून हे पत्र. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव, सावकाश ठरव. मला एकच मागायचं आहे. मला तुझा फोटो पुन्हा काढायचा आहे. तुला विचारून, तुझ्या देखत, धाकटी लावून, हातभर अंतरावर बसून. तू मला त्यात शिव्या देत असलास तरी चालेल, उलट बरंच. मागे तुझं घर दिसू दे, कॅलेंडर, औषधांचा डबा, टीव्हीचा रिमोट, सगळं. रंगीत. आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत आहे हे तुला आता कळलंच आहे, तर त्याबद्दलही एकदा बोलू. तुला भीती वाटते का, हे मी तुला एकदाही विचारलेलं नाही. फोटो मात्र शेकड्यांनी काढले. मला वाटते. तू ये, किंवा मला ये म्हण. फोन नको असेल तर नुसती

बेल वाजली म्हणून उठलो होतो. मंदा झोपली आहे. मला वाटलं इस्त्रीवाला असेल. दार उघडलं तर सुलूवहिनी. अंगावर जांभळी पैठणी आणि केसात अबोली. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो तर म्हणाल्या, "भावोजी, आत घेताय की दारातच उभी करून फोटो काढताय?" मी म्हटलं, कसला फोटो? "माझा. यांचा काढलात तेवढाच मोठा, तसाच काळा-पांढरा. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला होता मी तो. दिवाळीची झाडलोट करताना बाहेर आला. खाली बसून बघितला तर उठवेना. पन्नास वर्षांत हे असे शांत बसलेले मला कधी बघायला मिळाले नाहीत हो. आता लावायचाय. पण एकट्याचा लावला तर तो तसलाच दिसणार. शेजारी माझा लावला म्हणजे घरातला दिसेल." मी विचारलं, आत्मारामला माहीत आहे? "माहीत काय! खाली बाकावर बसलेत. लिफ्ट बंद आहे म्हणाले, तू जाऊन ये." मग पदराने कपाळ टिपत म्हणाल्या, "मी त्याच लिफ्टने वर आले."

वहिनी मंदाला उठवून आरशासमोर बसल्या आहेत, तेवढ्यात या चार ओळी लिहून घेतल्या. वरचं वाक्य अर्धं राहिलंय ते राहू दे. पोस्टाचं तिकीट लावत नाही. उठू नकोस, तिथेच बस.

तुझाच, जिन्याने खाली येत असलेला,
दशरथ